टेकनाथ दाईंची राज्यघटना

गेल्या महिन्यात नेपाळहून मला एक मेसेज आला. हिंदीत, दोनच शब्दांचा. मामा गेले. पाठवणाऱ्या मुलीला, बिनिताला, मी कधी प्रत्यक्ष भेटलेलो नाही. पण तिला दूध आवडत नाही, लहानपणी गोठ्याच्या पायरीवरून पडल्याची खूण तिच्या डाव्या भुवईवर आहे, आणि गणितापेक्षा तिला शरीरशास्त्र बरं जातं, हे सगळं मला माहीत होतं. टेकनाथ दाईंबरोबर ज्याने ज्याने काम केलं, त्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

सौदीतल्या बुरैदा शहरात एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. दाई तिथे अटेंडंट होते. वॉर्डांतून रक्ताच्या नळ्या गोळा करून आणायच्या, रजिस्टरमध्ये नोंदवायच्या, काचेची भांडी धुऊन जागच्या जागी लावायची, हे त्यांचं काम. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

नेपाळीत मोठ्या भावाला दाई म्हणतात. आमच्याकडे कोकणात दाई म्हणजे सुईण. शुक्रवारी दाई जेवायला येणार आहेत, असं मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा माझ्या बायकोने, नसीमने, भांडी घासता घासता विचारलं, "कोणाकडे बाळंतपण आहे?" मला ते भाई म्हणत. इथे सगळेच सगळ्यांना भाई म्हणतात, त्यामुळे मी काही मनावर घेतलं नव्हतं. नेपाळीत भाई म्हणजे फक्त धाकटा भाऊ, हे मला दोन वर्षांनी कळलं.

बुटका, काटकुळा माणूस. लॅबच्या कोटाखालीही इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. गावाकडे अठरा वर्षं ते शाळेत नेपाळी शिकवायचे, पण हंगामी म्हणून. कायम करण्याचा कागद कधी आलाच नाही. मग चाळिशीनंतर इथे आले. मास्तरकी मात्र अंगातून गेली नव्हती. मेसच्या भिंतीवर कोणीतरी हिंदीत लिहिलं होतं, 'कृपया चप्पल बाहर निकाले'. दुसऱ्या दिवशी 'निकाले'वर लाल शाईचा अनुस्वार होता. अरबी पाट्यांना ते हात लावत नसत. तो आपला विषय नाही, म्हणत.

नेपाळी आणि मराठी दोन्ही देवनागरीत, याचा त्यांना फार आनंद होता. माझ्या फोनवरची मराठी बातमी ते मोठ्याने वाचत. अर्थ निम्मा लागायचा, पण उच्चार माझ्या मुलीपेक्षा चांगला. झोया इथेच जन्मली, इंडियन स्कूलमध्ये शिकते आणि आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. दाईंनी एकदा तिला जवळ बसवून बाराखडी म्हणून दाखवली. ती म्हणाली, "अंकल, धिस इज सो लाँग." दाई म्हणाले, लांब असू दे, एक अक्षर चुकलं तर माणूस बदलतो. तेव्हा तो मास्तरांचा नेहमीचा उपदेश वाटला.

त्यांचा हट्ट एकाच बाबतीत होता. ज्या नळीवर नाव नाही ती नळी ते लॅबमध्ये येऊ देत नसत. एकदा आयसीयूतून घाईत आलेल्या नळीचं लेबल कोरं होतं. एका बड्या डॉक्टरने फोनवर आवाज चढवला, पेशंट एकच आहे, नळी त्याचीच आहे, यल्ला, चला, लावा. सुपरवायझरही चालवून घे म्हणाला. दाई नळी बर्फात ठेवून जिन्याने तीन मजले वर गेले, नर्सकडून नाव लिहून घेतलं, धापा टाकत खाली आले. नियमाने ते बरोबरच होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर नियम पाळल्याचं समाधान नव्हतं. भ्यायल्यासारखे दिसत होते. मी विचारलं तर म्हणाले, नावावाचून कोणालाही कुठेही फेकून देता येतं, भाई.

त्या पहिल्या शुक्रवारी ते जेवायला आले तेव्हा नसीमने बांगड्याचं कालवण केलं होतं. तिच्या माहेरी, रत्नागिरीकडे, त्यात तिरफळ घालतात. दाईंनी पहिला घास घेतला आणि थांबले. काटा लागला की काय म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोंगरातही हेच फळ असतं, तिमुर म्हणतात, बहीण चटणीत घालते. जीभ बधिर होईपर्यंत ते जेवले आणि मग बहिणीबद्दल बोलले.

सुभद्रा त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. आईबाप गेल्यावर दाईंनीच वाढवलेली. गावात रस्त्याचं काम आलं तेव्हा एक मुकादम राहायला आला. देवळात लग्न झालं, पुजारी होता, गाव जेवलं, दाईंनी स्वतः पानं वाढली. कागद कोणी केला नाही, तेव्हा कोणी करतही नसे. रस्ता पुरा झाला आणि मुकादम खाली बाजाराच्या गावी निघून गेला. तिथे त्याची आधीची बायको होती, मुलं होती. सुभद्रा पोटुशी होती. तो परत आला नाही, आणि आपण लग्न केल्याचं त्याने नाकारलं. दाईंनी लग्नच केलं नाही. बहीण आणि भाची हेच त्यांचं घर.

बोलता बोलता टीव्हीजवळ पडलेला झोयाचा पासपोर्ट त्यांना दिसला. नुकताच नवा होऊन आला होता. पाहू का, असं विचारून त्यांनी तो उघडला. शेवटच्या पानावर बापाचं नाव, आईचं नाव, पत्ता. बराच वेळ ते पान धरून बसले. मग म्हणाले की बिनिता सोळा वर्षांची झाली, आता नागरिकतेचा दाखला काढायची वेळ आली, आणि कचेरीत पहिला प्रश्न बापाचा दाखला कुठे, असा असतो. नेपाळमध्ये त्या दाखल्यावाचून पासपोर्ट नाही, सरकारी परीक्षा नाही, जमीन नावावर होत नाही. मुलगी असते, पण कागदावर नसते.

दोन वर्षांनी, भूकंपाच्या वर्षी, त्यांच्या देशात नवी राज्यघटना व्हायची होती.

भूकंपात दाईंच्या घराची मागची भिंत पडली. मायलेकी वाचल्या, ताडपत्रीखाली राहत होत्या. दाईंनी रजा मागितली, मिळाली नाही. रोज दुपारी लॅबच्या मागच्या जिन्यात उभे राहून फोन लावत. त्याच दिवसांत घटनेचा मसुदा बाहेर आला. आधी लोकांच्या सूचना घेणार आणि मग तो मंजूर होणार होता. दाईंनी माझ्याकडून नागरिकतेचा भाग छापून घेतला. दुसऱ्या दिवशी ते पान माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि लाल पेनाचं टोक एका अक्षरावर टेकवलं.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं. ज्याचे बाबु र आमा नेपाळी नागरिक असतील, असा काहीसा मजकूर होता. मला अर्थ विचारला. बाबु म्हणजे बाप, आमा म्हणजे आई, एवढं लागलं. मधला 'र' कळला नाही.

"र म्हणजे आणि," दाई म्हणाले. "आतापर्यंतच्या हंगामी घटनेत इथे 'वा' होतं. तुमच्या मराठीत वा म्हणजे काय?"

"किंवा."

"आमच्यातही तेच. वा असताना आमच्यासारख्यांचं कचेरीत कोणी ऐकत नव्हतं. पण भांडायला एक अक्षर होतं. आता तेही काढून घेतायत."

मी पानाकडे पाहत राहिलो. बाप किंवा आई. बाप आणि आई. एवढ्याशा 'र'ने एक मुलगी देशाबाहेर जात होती, ती जन्मली त्याच घरात बसून.

ईदची सुट्टी आली. त्यानंतर लगेच सूचना पाठवायच्या होत्या. दाईंनी ठरवलं की आमच्या कसीम प्रांतातल्या नेपाळी लोकांच्या सह्यांचं एक पत्र पाठवायचं. ईदच्या दुसऱ्या दिवशी नसीमने डबाभर शीरखुर्मा दिला आणि मी तो घेऊन दाई राहत त्या कामगारांच्या कॅम्पवर गेलो. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आत दहा बाय बाराच्या खोलीत वीसेक माणसं, कॉटवर, जमिनीवर, दारात. मी चपला काढत असताना आतून मोठा आवाज येत होता. माझं डोकं दारात दिसलं आणि आवाज थांबला.

बोलणारा कृष्ण होता, आमच्या हॉस्पिटलचे एसी दुरुस्त करणारा. दाईंच्याच जिल्ह्यातला, धिप्पाड, सरळ माणूस. भूकंपात त्याचं घर पार बसलं होतं आणि आई दगडांखाली गेली होती. तो खाली मान घालून बसला. मी हिंदुस्थानी, आणि विषय माझ्याच देशाचा होता, हे न सांगता कळलं. मी डबा ठेवून निघणार होतो. दाईंनी मला हाताला धरून बसवलं आणि कृष्णला म्हणाले, जे म्हणत होतास ते याच्यासमोर म्हण.

कृष्णने म्हटलं, आणि त्यात द्वेष नव्हता. आमचा देश छोटा, म्हणाला. सरहद्द उघडी. एकट्या आईवरून नागरिकता मिळाली तर पलीकडून जावई येतील, त्यांची मुलं आमची होतील, आणि उद्या आमच्या डोंगरावर आमचं काय राहील? देशाचा विचार करायचा की एकेका घराचा? दोघातिघांनी माना डोलावल्या. एकाने म्हटलं की टेकनाथ सरांना भाचीपुढे दुसरं काही दिसत नाही.

दाई उठून उभे राहिले. वर्गात राहत असतील तसे, हात मागे बांधून.

"कृष्ण, सुभद्राचा नवरा परदेशी नाही," ते म्हणाले. "तो तुझ्या घरापासून दोन तासांवर राहतो. त्याचं दुकान तू पाहिलंयस. त्याला सगळे ओळखतात, तो बिनिताला ओळखत नाही. तुला देशाची भीती वाटते, ती खरी असेल. पण त्या भीतीचं ओझं माझ्या भाचीने का उचलायचं? तिने कुठली सरहद्द ओलांडली?"

तेवढ्यात कॅम्पचा सुपरवायझर दारात आला. ही कसली गर्दी, मीटिंग चालणार नाही, असं तो अरबीत दरडावू लागला. सगळ्यांचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, त्याच्या हातात. दाईंनी शांतपणे शीरखुर्म्याची वाटी त्याच्यापुढे धरली आणि ईद मुबारक म्हटलं. त्याने एक चमचा खाल्ला, मग वाटी संपवली, आणि दहा मिनिटांत खलास करा म्हणून गेला.

त्या दहा मिनिटांत सह्या झाल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे घेतले. कृष्णने सर्वांत शेवटी पेन घेतलं. मी ही सही बिनितासाठी करतोय, कलमासाठी नाही, असं तो स्पष्ट म्हणाला. दाई म्हणाले, मला तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी लॅबच्या स्कॅनरवरून मी ते कागद पाठवले. कोणी वाचले की नाही, कधी कळलं नाही.

सप्टेंबरात, बकरी ईदच्या आधी, घटना मंजूर झाली. त्या सकाळी दाई डोक्यावर नेपाळी ढाका टोपी घालून लॅबमध्ये आले. हातात बाजारातून आणलेली सुक्करी खजुराची पेटी. खजुराचा हंगाम होता, सगळं शहर त्या वासाने भरलेलं. त्यांनी सुपरवायझरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना खजूर दिला. एवढंच म्हणत होते, वा आला, वा आला. फिलिपिनो मुलींना वाटलं हे काहीतरी नाव आहे, कोणाला तरी बाळ झालंय. त्यांनी अभिनंदन केलं. दाईंनी तेही घेतलं.

दोन दिवसांनी ते पुन्हा छापलेलं पान घेऊन आले. टोपी नव्हती. "मला बरोबर कळतंय का, तू पण वाच," म्हणाले. आम्ही दोघांनी सेंट्रिफ्यूजच्या आवाजात ते पान शब्द शब्द लावून वाचलं. वरच्या ओळीत 'वा' होताच. पण खाली पोटकलमं होती. बाप परदेशी असेल तर वेगळं, बापाचा पत्ताच लागला नसेल तर वेगळं. बिनितासारख्या मुलीला आईवरून नागरिकता मिळण्याची वाट एकच दिसत होती, बाप सापडला नाही ही. आणि तिचा बाप हरवलेला नव्हता. तो बाजारात सिमेंट विकत होता.

दाईंनी पानाची घडी घालून खिशात ठेवली. अक्षर परत दिलं, वाक्य काढून घेतलं, असं काहीतरी पुटपुटले आणि ट्रे घेऊन वॉर्डात गेले.

त्याच आठवड्यात भारतातून माल नेणाऱ्या गाड्या सरहद्दीवर अडल्या, आणि नेपाळी लोकांनी दोष भारताला दिला. नेपाळात गॅस नाही, औषधं नाहीत. मेसमध्ये नेपाळी पोरं आम्हा हिंदुस्थानी लोकांच्या टेबलावर बसेनाशी झाली. कृष्ण समोरून आला तर भिंतीकडे पाहायचा. ईदनंतर दाई जेवायला येतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते आले. नसीमने ताट वाढलं, ते थोडंच जेवले. सुभद्रा भिजल्या लाकडांवर स्वयंपाक करते, धुराने तिचे डोळे सुजलेत, असं म्हणाले आणि लगेच नसीमला सांगितलं की हे तुला दोष द्यायला सांगत नाही, बहिणी, पोटात राहत नाही म्हणून सांगतो. ते गेल्यावर नसीम बराच वेळ त्यांच्या ताटासमोर बसून होती.

पुढच्या वर्षी त्यांना दोन महिन्यांची रजा मिळाली. जाताना बिनितासाठी स्टेथोस्कोप घेतला. तिला नर्सिंग करायचं होतं. परत आले ते वाकून आल्यासारखे. आठ दिवस कामापुरतं बोलले. मग एका दुपारी, बीकर धुताना, नळ चालू ठेवूनच त्यांनी सांगितलं.

आधी ते एकटे बाजारात गेले होते. मुकादमाने त्यांना ओळखलं, बसायला स्टूल दिलं, थंड मागवलं. एक सही, बाकी तुझ्याकडून काही नको, असं दाई म्हणाले. तो शांतपणे म्हणाला की माझी मुलं मोठी झाली आहेत, मास्तर, आता जुनं उकरू नका. आवाजसुद्धा चढवला नाही. दाई म्हणाले, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग तिघं जिल्ह्याच्या कचेरीत गेली. साहेब सभ्य होता. त्याने कलम वाचून दाखवलं आणि मार्गही सांगितला. आईने फक्त एवढं लिहून द्यावं की मुलीचा बाप कोण, कुठे, याचा पत्ता नाही. फॉर्म पुढे सरकवला. सुभद्रा शिकलेली आहे, दाईंनीच शिकवलेली. तिने तो पूर्ण वाचला आणि परत सरकवला. तो कुठे आहे ते मला माहीत आहे, म्हणाली. इथून दिसतं त्याचं दुकान.

"मी तिला म्हणालो, लिही," दाई म्हणाले. "एक ओळ आहे, सुभद्रा, लिहून टाक. पोरीचं आयुष्य आहे. मी म्हणालो, भाई. जन्मभर पोरांच्या वह्यांत चुकीला लाल शाई लावली, आणि सगळ्या कचेरीसमोर मी माझ्या बहिणीला खोटं लिही म्हणालो."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, दाई, तू लग्नात पानं वाढली होतीस. ही ओळ लिहिली तर मी कोण होते?"

नळ वाहत होता. मीच तो बंद केला. बिनिता तिथेच बाकावर बसली होती, स्टेथोस्कोपची पिशवी मांडीवर घेऊन. दाई इकडे यायला निघाले तेव्हा सुभद्राने नेहमीसारखा टीका लावला, शिदोरी दिली, पण मान वर करून पाहिलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं गेली. बिनिताने एका खाजगी कॉलेजात नर्सिंग पुरं केलं, तिथे दाखला नंतर द्या म्हणाले होते. परवान्याच्या परीक्षेला मात्र दाखला लागत होता. फॉर्म परत आला. ती गावाजवळच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली, जखमा धुवायची. तिच्या मागून शिकलेल्या मुली परदेशी गेल्या. दाईंना मी कधी तिच्याबद्दल विचारलं तर बरी आहे म्हणत. आपणहून मात्र तिची गोष्ट काढणं त्यांनी सोडून दिलं होतं. नव्या लोकांना तिच्या भुवईवरची खूण माहीत नव्हती.

मग एक दिवस सुभद्रा कोणाला न सांगता एकटीच जिल्ह्याला गेली आणि लिहून देऊन आली.

तो फोन आला तेव्हा मी समोर होतो. दाईंनी एक शब्द ऐकला असेल नसेल, तसेच उभे राहिले. पलीकडून ती दोनच वाक्यं बोलली होती. दाई, लिहून दिलं. आता तुझं मन शांत होईल. त्या संध्याकाळी तिने गळ्यातली पोते, आपल्या मंगळसूत्राच्या जागी तिथल्या बायका घालतात ती मण्यांची माळ, काढून डब्यात ठेवली. कुंकू पुसलं. वीस वर्षं ज्याने टाकलं त्याच्या नावाने ती ते लावत होती. आता तिनेच सरकारला लिहून दिलं होतं की असा कोणी माणूस नव्हता. हे बिनिताने नंतर मामाला रडत सांगितलं.

काही महिन्यांनी दाखल्याचा फोटो आला. बिनिताचं नाव, आईचं नाव, बापाच्या जागी आडवी रेघ. लॅबमध्ये सगळ्यांनी दाईंचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. कृष्ण खास खाली आला, आणि इतक्या वर्षांनी माझ्याशीही बोलला, म्हणाला, झालं एकदाचं. दाई सगळ्यांना हो, झालं म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी खजूर आणला नाही. दुपारी मला ते जिन्यात सापडले. फोनवर तो फोटो मोठा करून ती रेघ पाहत होते. मी शेजारी बसलो. त्यांनी विचारलं, "मी हे केलं का रे, भाई?"

साठी झाली आणि कंपनीने त्यांचा इकामा पुढे वाढवला नाही. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत. बिनिता परीक्षा पास होऊन शहरातल्या हॉस्पिटलात लागली होती. दाईंना तिहार सणाच्या आत घरी पोहोचायचं होतं. त्यात भाईटीका असतो, आमच्या गावी हिंदू शेजाऱ्यांकडे भाऊबीज असते तसा. बहीण भावाला तेलाच्या धारेने रिंगण घालते आणि कपाळावर सात रंगांचा टीका लावते. कचेरीतल्या त्या दिवसानंतर दाईंना तो सण घरी मिळाला नव्हता. सोडायला विमानतळावर मी गेलो होतो, पण तो निरोप घाईचा झाला. सामानाच्या रांगेतच त्यांनी मिठी मारली. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर, भाईटीक्याच्या दिवशी.

सकाळी नऊच्या सुमारास, लॅबमध्ये चहाची वेळ असताना, त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होत आली होती. दाईंनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता. मागे नवी बांधलेली दगडी भिंत, झेंडूच्या माळा. ते चटईवर मांडी घालून बसले होते, धुतलेल्या कपड्यांत. कपाळ कोरं. मुहूर्त जवळ आलाय, म्हणाले, बिनिताने रंग कालवून ठेवलेत, सुभद्रा गवत आणायला रानात गेलीय, येईलच. त्यांनी नसीमची विचारपूस केली, झोयाला मराठी वाचता येतं का विचारलं. येतं, थोडं थोडं, मी म्हणालो. मग दरवाज्याकडे काहीतरी वाजल्यासारखं झालं, त्यांनी मान वळवली, आणि फोन चालू आहे हे विसरून गेले.

गेल्या महिन्यात तो मेसेज आल्यावर मी बिनिताला फोन केला. तिने शेवटच्या आजाराचं सांगितलं. भाईटीक्याच्या त्या दिवशी आई आली होती का, असंही मी विचारलं. आली होती, ती म्हणाली, मुहूर्त टळून गेल्यावर, उन्हं उतरताना. भारा टाकला, हात धुतले, टीका लावला. बोलली काहीच नाही. मामा तोवर जागचे उठले नव्हते.

ते मी पाहिलं नाही. त्या कॉलवर मला दिसले ते चटईवर ताठ बसलेले दाई, गुडघ्यांवर हात ठेवून, दाराकडे तोंड करून. चेहऱ्याची एकच बाजू दिसत होती. एक कोंबडी चटईवरून चालत गेली, त्यांनी तिला हुसकलंही नाही. माझा चहा गार झाला. वॉर्डातून नळ्यांचा ट्रे आला, कोणीतरी मला हाक मारली. त्यांच्या लक्षात येण्याआधी फोन मीच बंद केला.